न उगवलेल्या सूर्याला अर्घ्य

रथसप्तमीच्या दोन दिवस आधी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षीचा तो संदेश आला. सूर्याला अर्घ्य देताना तांब्यातून पडणारी पाण्याची धार लोलकाचे काम करते, तिच्यातून सूर्यप्रकाशाचे सात रंग सुटे होऊन अर्घ्य देणाऱ्याच्या डोळ्यांत आणि शरीरात शिरतात, त्यामुळे दृष्टी सुधारते, व्हिटॅमिन डी मिळते, आणि हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असा त्याचा आशय होता. इंदूरच्या रामबागेत राहणारे माझे काका रोज पहाटे गच्चीवर संध्या करतात. त्यांनी त्या संदेशाखाली एवढेच लिहिले : ‘‘मी अर्घ्य देतो तेव्हा सूर्य उगवलेलाच नसतो. मग रंग कुठून आले?’’

काकांची हरकत धर्मशास्त्राला धरून आहे. आकाशात तारे दिसत असताना केलेली प्रातःसंध्या उत्तम, तारे लोपल्यावरची मध्यम आणि सूर्य दिसू लागल्यावरची कनिष्ठ, अशी प्रतवारी परंपरेनेच लावून दिलेली आहे. म्हणजे ज्या अर्घ्याला परंपरा सर्वांत श्रेष्ठ मानते, त्या अर्घ्यात लोलकापुढे धरायला प्रकाशच नाही. तैत्तिरीय आरण्यकात अर्घ्याचे कारणही दिलेले आहे : सूर्याची वाट अडवणाऱ्या मंदेह राक्षसांना गायत्रीने अभिमंत्रित केलेले पाणी दूर फेकते. ही कथा कोणी भौतिकशास्त्र म्हणून घ्यावी असे नाही, पण ती स्वतःच्या पायांवर उभी आहे. तिला विज्ञानाचे उसने धोतर नेसवण्याची हौस अलीकडची आहे आणि त्या हौसेत धर्म आणि विज्ञान या दोहोंचीही अडचण होते.

आता सूर्य दिसत असताना दिलेले अर्घ्य घेऊ. पाण्याची गोल धार हे एक उभे भिंग आहे. तिच्यावर पडलेले किरण धारेच्या पलीकडे, तिच्या निम्म्या जाडीइतक्या अंतरावर एकत्र येतात आणि लगेच फाकतात. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचे माप, लाल रंगासाठी सुमारे १.३३१ आणि जांभळ्यासाठी सुमारे १.३४३ आहे, त्यामुळे रंग किंचित वेगळे होतात हे खरे, परंतु धारेतून आरपार आलेल्या प्रकाशात ते एकमेकांवर इतके पसरलेले असतात की देणाऱ्याच्या वाट्याला जवळपास पांढरा प्रकाशच येतो. स्पष्ट रंग तयार होतात ते पाण्याच्या आत एकदा परावर्तित होऊन मागे फिरलेल्या किरणांत. इंद्रधनुष्य म्हणून आपण ओळखतो ते हेच किरण, आणि ते सूर्याकडे पाठ असणाऱ्यालाच दिसतात. थोडक्यात, अर्घ्यातले रंग देणाऱ्याकडे येत नाहीत, ते सूर्याच्याच बाजूला परत जातात.

व्हिटॅमिन डीचे प्रकरण याहून लहान आहे. त्वचेत ते तयार होण्यासाठी अतिनील किरणांचा जो पट्टा लागतो, तो सूर्य क्षितिजाजवळ असताना ओझोनच्या तिरप्या, लांब वाटेत जवळपास संपूर्ण शोषला जातो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते किरण पुरेसे पोचू लागतात, हा सोपा ठोकताळा आहे, आणि उगवतीच्या वेळी सावली शेजारच्या तीन गच्च्या ओलांडून गेलेली असते. डोळ्यांविषयी तर उलट सांगायला हवे : पाण्याची धार दृश्य प्रकाश अडवत नाही, दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, म्हणून बिंब चमकू लागल्यावर धारेआडूनही त्याच्याकडे टक लावू नये.

असे असले तरी सूर्याच्या वाटेत एक लोलक खरोखरच आहे. तो तांब्यात नाही, तो आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे.

हवेत प्रकाशाचा वेग निर्वातातल्या वेगापेक्षा दहा हजारांत जेमतेम तीन भागांनी कमी असतो, आणि तोही जमिनीलगतच्या दाट हवेत. वर जावे तसा हा फरक विरत जातो. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याकडे निघालेली गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हातात हात गुंफून चालणारी दहा-बारा जणांची आडवी रांग डोळ्यांसमोर आणावी. रांगेच्या उजव्या टोकाची माणसे गर्दीत अडकून सावकाश चालू लागली आणि डावीकडची त्याच वेगाने चालत राहिली, तर कोणी न सांगता सगळी रांग उजवीकडे वळते. सूर्याकडून तिरपी येणारी प्रकाशलाट अशीच एक रांग आहे. तिचे खालचे टोक दाट हवेत सावकाश चालते, वरचे टोक विरळ हवेत पुढे सरते, आणि लाट सतत खाली, जमिनीकडे वळत राहते. सूर्य माथ्यावर असताना दोन्ही टोके एकाच वेळी एकाच थरात शिरतात, म्हणून वळण्याचा प्रश्नच येत नाही. क्षितिजावरचा प्रकाश मात्र माथ्यावरच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो आणि सारी वाट वळत येतो. डोळ्याला या वळणाची कल्पना नसते; शेवटी किरण ज्या दिशेने आला त्याच सरळ रेषेत तो सूर्याची जागा ठरवतो, आणि ती खऱ्या जागेपेक्षा वर निघते.

किती वर, हे पाहायला कोन मोजण्याची जुनी मापे सोयीची आहेत : एका अंशाच्या ६० कला. समुद्रसपाटीला क्षितिजावरचे हे उचलणे सुमारे ३४ कला असते. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून थंडीच्या सकाळी ते ३२ कलांच्या आसपास येते. आणि सूर्यबिंबाचा व्यास किती? तोही ३२ कलांच्या आसपासच. उचलणे उंचीबरोबर झपाट्याने घटते. बिंबाचा खालचा काठ ३२ कला उचलला जातो तेव्हा वरचा साधारण २७, म्हणून उगवते बिंब चेपलेले, रुंदीच्या पाच-षष्ठांश उंचीचे दिसते. पण हा आकडा दुसरेही काही सांगतो. बिंबाचा खालचा काठ क्षितिजाला टेकलेला, पूर्ण सूर्य वर आलेला आपण पाहतो, त्या क्षणी वरचा काठ २७ कलांवर दिसतो आणि तो २७ कलाच उचललेला असतो. म्हणजे खरा सूर्य वरच्या काठासकट क्षितिजाखाली आहे. आपण हात जोडतो ते हवेने उचलून धरलेल्या त्याच्या प्रतिमेला. इंदूरच्या अक्षांशावर सूर्याला एवढे चढायला ऋतूनुसार सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात.

इथे काही जण प्रकाशाला पृथ्वीवर पोचायला लागणारी आठ मिनिटे जोडू पाहतात. ती जोडायची नाहीत. सूर्य उगवतो तो पृथ्वी फिरते म्हणून. किरण तर वाटेत रांग लावून येतच असतात, फिरणारी पृथ्वी आपल्याला त्यांच्यात नेऊन उभी करते.

हवेचे हे उचलणे नेमाचे असले तरी अढळ नाही. १५९७ च्या जानेवारीत विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीची तुकडी नोवाया झेम्ल्या बेटावर बर्फात अडकली होती. ध्रुवीय रात्र संपायला अजून दोन आठवडे बाकी असताना तुकडीतल्या लोकांना सूर्याची कड दिसली, आणि मायदेशी परतल्यावर बराच काळ कोणी त्यांचे खरे मानेना. थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसले की प्रकाश त्या थरात अडकून पृथ्वीच्या वळणाबरोबर दूरवर वाहत येतो, हे पुढे समजले.

आपल्या घरातही या उचलण्याच्या खुणा आहेत. विषुवदिनी दिवस आणि रात्र समान असतात असे आपण शाळेत शिकलो, पण त्या दिवशी इंदूरचा दिवस १२ तासांपेक्षा सुमारे ७ मिनिटे मोठा असतो. त्यातील निम्म्याहून अधिक देणगी हवेची, उरलेली बिंबाच्या मध्याऐवजी वरचा काठ मोजण्याच्या प्रथेची. काही पंचांगकर्ते हवेचा परिणाम धरतात, काही वगळतात. काही काठ धरतात, काही मध्य. म्हणून दोन प्रामाणिक पंचांगांतही तीन-साडेतीन मिनिटांचा फरक पडू शकतो. इंदुरातल्या मराठी घरांत भिंतीवर बहुधा मुंबईसाठी छापलेली दिनदर्शिका असते, तिची गोष्ट निराळी. आपला सूर्योदय मुंबईच्या आधी विषुवदिनी १२ मिनिटे, जूनच्या अखेरीस सुमारे १९ आणि डिसेंबरात जेमतेम ५ मिनिटे होतो, त्यामुळे ठरावीक मिनिटे वजा करण्याचा आमच्या घरचा रिवाज वर्षातून दोनदाच बरोबर ठरतो.

हवेला लोलक म्हटले ते नुसते उपमेसाठी नव्हे. निळा-हिरवा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा किंचित अधिक वळतो, म्हणून क्षितिजावर एकाऐवजी रंगीत बिंबांची चळत असते, एकमेकांपासून अर्ध्या कलेहूनही कमी सरकलेली. निळा वाटेतच विकिरणाने विखुरला जातो. स्वच्छ सागरी क्षितिजावर बिंबाच्या वरच्या काठावर उरतो तो क्षणभराचा हिरवा. रामबागेच्या गच्चीवरून हे दिसणे शक्य नाही. शेजारच्या टाकीवर सूर्य येतो तेव्हा तो पाच अंश वर आलेला असतो आणि उचलणे दहा कलांवर उतरलेले असते.

धारेतले रंग मात्र गच्चीवरही दिसतात. त्यासाठी सूर्योदयानंतर पाऊण तास थांबावे लागते, कारण उगवतीच्या प्रकाशात निळा इतका थोडा उरतो की धनुष्यही तांबूसच पडते. सूर्याकडे पाठ करून आपल्या डोक्याच्या सावलीपासून ४२ अंश, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या दोन विती, बाजूला पाहायचे, आणि धार नेमकी तिथे पडली पाहिजे. रथसप्तमीच्या सकाळी काकांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि स्वतः कठड्याशी, पूर्वेकडे पाठ करून, हात लांब करून विती मोजत उभे राहिले. मी दोनदा चुकीच्या जागी ओतले. तिसऱ्यांदा खाली, जिथे धार तुटून थेंब होतात तिथे, तांबड्याला लागून हिरवा चमकला आणि गेला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी बादलीकडे बोट दाखवून तांब्या पुन्हा भरायला सांगितला.