वर्गसमीकरणाच्या सूत्रातले ‘चार’ आले कुठून?

दहावीला वर्गसमीकरण सोडवण्याच्या तीन रीती असतात: अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र. बरीच मुले पूर्ण वर्गाची रीत कशीबशी उरकतात आणि सूत्र पाठ करून टाकतात. इतिहासात मात्र पूर्ण वर्ग आधीचा आहे आणि सूत्र त्यातूनच निघाले आहे.

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मृत्तिकापटांवर वर्ग पूर्ण करून सोडवलेली उदाहरणे सापडतात. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिज्मीने हीच रीत चौरस-आयतांच्या आकृत्यांनी पटवून दिली. पण त्याच्या मांडणीत ऋण सहगुणकांना जागा नव्हती, म्हणून त्याला समीकरणांचे सहा वेगवेगळे प्रकार करावे लागले.

ब्रह्मगुप्ताने ही अडचण त्याच्या आधीच, ६२८ मध्ये, दूर केली होती. ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम आहेत आणि वर्गसमीकरणाची कृतीही आहे. स्थिरपद उजवीकडे ठेवून त्याला वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा, वर्गमूळ काढा, त्यातून मधला सहगुणक वजा करा आणि वर्गपदाच्या सहगुणकाच्या दुपटीने भागा. आजचे सूत्र जवळपास हेच आहे.

ही चौपट कशासाठी, ते श्रीधराचार्यांच्या रीतीतून उमगते. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. भास्कराचार्यांनी त्यातला नियम उद्धृत केला म्हणून तो टिकला. ३क्ष² + ५क्ष = २ हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंना ४ × ३ म्हणजे १२ ने गुणा: ३६क्ष² + ६०क्ष = २४. आता दोन्हीकडे ५ चा वर्ग मिळवा. डावीकडे (६क्ष + ५)² तयार होतो, उजवीकडे ४९. म्हणजे ६क्ष + ५ ही राशी ७ किंवा −७, आणि क्ष = १/३ किंवा −२. शेवटच्या पायरीपर्यंत एकही अपूर्णांक आला नाही, हा त्या चौपटीचा फायदा. माझ्या मते वर्गात सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी असे एक उदाहरण व्हायलाच हवे. मग ‘४’ आणि छेदातला ‘२’ वेगळे लक्षात ठेवावे लागत नाहीत.

दोन उत्तरांपैकी कुठले ठेवायचे, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न भास्कराचार्यांनीही हाताळला आहे. त्यांच्या ‘बीजगणिता’त (११५०) वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात रमला आहे आणि बारा वानर टेकडीवर आहेत. उत्तरे १६ आणि ४८, दोन्ही चालतात. दुसऱ्यात पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग गुहेत गेला आणि एक वानर फांदीवर दिसला. उत्तरे ५० आणि ५. इथे ५ ते नाकारतात, कारण पाचाचा पंचमांश एक आणि त्यातून तीन वजा केले की वानरांची संख्या ऋण होते.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापला. १२०७ चा शिलालेख त्याची नोंद देतो. खानदेशातल्या शाळांनी मुलांना तो आवर्जून दाखवावा.

सहगुणकांसाठी अक्षरे वापरण्याची पद्धत युरोपात फ्रेंच गणिती व्हिएतने १५९१ मध्ये रुजवली. १६३७ मध्ये देकार्तच्या भूमितीवरील ग्रंथात समीकरणाचे रूप आजच्या लेखनाच्या बरेच जवळ आले. सूत्र एका ओळीत मावू लागले ते त्यानंतर. त्याआधी विद्यार्थी श्लोक पाठ करायचा तेव्हा त्याबरोबर सगळ्या पायऱ्याही पाठ व्हायच्या.