निकोटीन व श्वसनमार्गाचा विषाणुसंसर्ग

तंबाखूतील निकोटीन या अल्कलॉइडाच्या (वनस्पतीजन्य नैसर्गिक रसायनाच्या) सेवनाने इन्फ्लुएंझा, सर्दी, कोविड-१९ यांसारख्या रोगांची लागण होण्याची शक्यता बदलते किंवा कसे, याविषयीचा बहुतेक पुरावा धूम्रपानाचा आहे. धुरात निकोटीनखेरीज हजारो रसायने असल्याने तो निकोटीनला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

इस्रायली सैनिकांच्या एका तुकडीतील इन्फ्लुएंझाच्या साथीचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान करणारे ६८.५ टक्के, तर न करणारे ४७.२ टक्के आजारी पडल्याचे आढळले. इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे स्वयंसेवकांच्या नाकात विषाणू मुद्दाम सोडून केलेल्या प्रयोगांतही धूम्रपान करणाऱ्यांना सर्दीचा धोका अधिक दिसला (१९९३). तेथे विषाणूशी संपर्क सर्वांचा सारखाच असल्याने हा पुरावा अधिक वजनदार मानावा लागतो. धुरामुळे श्वासनलिकेतील पक्ष्माभिकांचे (श्लेष्मा बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंचे) कार्य मंदावते आणि श्लेष्मा साचून राहतो.

निकोटीनचा स्वतंत्र परिणाम वादग्रस्त आहे. महाभक्षी (जंतू गिळणाऱ्या) प्रतिकारपेशींवरील अल्फा-७ या निकोटिनिक ग्राहीच्या (निकोटीन ज्याला चिकटते त्या प्रथिनाच्या) उद्दीपनाने टीएनएफ या दाहकारक प्रथिनाचे स्रवण घटते, असे २००३ मध्ये दाखवण्यात आले. मात्र दाह घटणे हे संरक्षण समजावे की प्रतिकाराची दुर्बलता, हे त्यावरून ठरत नाही. २०२० मध्ये पॅरिसमधील एका रुग्णालयातील कोविड रुग्णांत दररोज धूम्रपान करणारे जेमतेम ५ टक्के आढळले. फ्रान्सच्या लोकसंख्येत ते प्रमाण सुमारे २५ टक्के होते. त्यावरून फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ झां-पिएर शांझ्यू प्रभृतींनी निकोटीन संरक्षक असावे, असे गृहीतक मांडले आणि लोकांची झुंबड टाळण्यासाठी फ्रेंच शासनाला निकोटीन पॅचच्या (त्वचेतून निकोटीन देणाऱ्या चिकटपट्टीच्या) विक्रीवर मर्यादा घालावी लागली. रुग्णांच्या व्यसनाच्या अपुऱ्या नोंदी आणि आजारपणात नुकतेच सोडलेले धूम्रपान ही कारणे त्या आकड्यांचा उलगडा करण्यास अधिक समर्थ वाटतात. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वसनमार्गात, विषाणू ज्याला चिकटतो त्या एसीई-२ ग्राहीचे प्रमाण वाढते, असे काही संशोधकांना आढळले आहे. कृत्रिम श्वसनावरील रुग्णांना पॅच लावून केलेल्या फ्रेंच चाचणीत मृत्युदर घटला नाही.

महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा तंबाखू-चुना, मशेरी असे धूरविरहित सेवन कितीतरी अधिक असले, तरी त्याचा विषाणुसंसर्गाशी असलेला संबंध फारसा अभ्यासला गेलेला नाही. सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यास २०२० मध्ये केलेली मनाई लाळेतून होणाऱ्या प्रसाराच्या भीतीपोटी होती. निकोटीनच्या परिणामाशी तिचा संबंध नव्हता.