व्हिडिओ फाइलमधून लॉसलेस ऑडिओ काढणे

व्हिडिओ फाइलमधला ध्वनी वेगळा करून फ्लॅक, वेव्ह किंवा एएलएसी अशा काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात साठवण्याची प्रक्रिया. सोलापुरात तिची गरज मुख्यतः घरोघरी पडून असलेल्या चित्रीकरणांसाठी आहे: गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, भजनी मंडळांचे कार्यक्रम, लग्नाच्या डीव्हीडी. जुन्या टेपचे चित्र धूसर असले तरी हलगीचा कडकडाट आणि ‘हर्र बोला हर्र’चा गजर त्यात बऱ्याचदा चांगला टिकलेला असतो, आणि तो जपलाच पाहिजे.

आधी फाइलमध्ये ध्वनी कोणत्या स्वरूपात आहे ते मीडियाइन्फोसारख्या साधनाने पाहावे; पुढचे सगळे त्यावर ठरते. मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेट) टेपवरून उतरवलेल्या फाइलमध्ये आणि बऱ्याच डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या एमओव्ही फाइलमध्ये न दाबलेला पीसीएम ध्वनी, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांचे कच्चे आकडे असतात. तो फ्लॅकमध्ये नेल्यास मूळ आकडे जसेच्या तसे राहतात आणि जागा साधारण निम्म्यावर येते. मोबाइलच्या एमपी४ मध्ये मात्र बहुधा एएसी हे तपशील गाळून ध्वनी दाबणारे स्वरूप असते, म्हणजे काटछाट रेकॉर्डिंगच्या वेळीच झालेली असते. गेलेला तपशील फ्लॅक परत आणत नाही. फाइल तेवढी अनेक पटींनी फुगते. अशा वेळी नुसते जतन करायचे असेल तर एएसी प्रवाह न उलगडता एम४ए फाइलमध्ये उचलून ठेवणे सर्वांत चांगले. संपादन करायचे असेल तरच लॉसलेस प्रत काढावी, कारण दर वेळी पुन्हा एएसी किंवा एमपी३ केल्यास प्रत्येक फेरीत आवाज आणखी बिघडतो.

एफएफएमपेग या रूपांतराच्या आज्ञावलीत चित्र वगळण्याचा पर्याय देऊन ध्वनीचा कोडेक (साठवण्याची पद्धत) फ्लॅक निवडला की काम होते. एएसीमधून काढताना किती बिट हवेत ते सांगितले नाही, तर ही आज्ञावली सहसा २४ बिटची फ्लॅक बनवते आणि जागा विनाकारण जाते. १६ बिट स्वतः नेमून द्यावे. हलगी, डॉल्बीसारख्या मोठ्या आवाजाच्या एएसी ध्वनीत उलगडल्यावर आवाजाची काही शिखरे कमाल पातळीच्या वर जातात आणि १६ किंवा २४ बिटच्या पूर्णांकी स्वरूपात ती कापली जातात. त्यासाठी पातळी दोन-तीन डेसिबलने उतरवावी किंवा कमाल पातळीवरची शिखरेही जपणारी ३२ बिट फ्लोट (दशांशी आकड्यांची) वेव्ह वापरावी. मूळ रेकॉर्डिंगमध्येच माइकचा आवाज फाटला असेल, तर यातल्या कशाचाही उपयोग नाही.

व्हिडिओचा ध्वनी बहुधा ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा असतो. सीडीच्या सवयीने तो ४४.१ वर आणू नये. सीडी खरोखरच बनवायची असेल तेव्हाच हा बदल करावा. मिनीडीव्हीवर ३२ किलोहर्ट्झ, १२ बिट असाही एक प्रकार आहे. तोही ३२ वरच ठेवावा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल या हिशेबाने वेव्हला मिनिटाला सुमारे ११.५ एमबी, तासाला ६९० एमबी लागतात. वेव्ह फाइल ४ जीबीपुढे जात नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट असल्यास ही मर्यादा दोन तासांतच गाठली जाते.

लग्नाच्या डीव्हीडीत एकच चित्रीकरण सुमारे १ जीबीच्या व्हीओबी (डीव्हीडीवरील व्हिडिओ फाइल) तुकड्यांत विभागलेले असते. प्रत्येक तुकडा वेगळा रूपांतरित करून जोडल्यास सांध्यावर टिचकी किंवा खंड ऐकू येतो, मंगलाष्टकांच्या मध्येसुद्धा. आधी तुकडे क्रमाने जोडावेत, मगच ध्वनी काढावा.

फ्लॅक २००१ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे. एएलएसी ॲपलने २००४ मध्ये आणले आणि २०११ मध्ये खुले केले. आयफोन-मॅकपुरता वापर असेल तर एएलएसी सोयीचे, एरवी फ्लॅक. फ्लॅकच्या दाबण्याच्या ० ते ८ पातळ्यांनी केवळ आकार आणि रूपांतराचा वेळ बदलतो, आवाज नाही. फ्लॅक फाइलमध्ये ध्वनीचा एमडी५ ठसा, म्हणजे मूळ ध्वनीवरून काढलेला पडताळणीचा आकडा साठवलेला असतो. हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर प्रत केल्यावर फ्लॅकची तपासणी चालवली, की एखादा बिट बिघडला असेल तर तो याच ठशामुळे सापडतो. मूळ व्हिडिओ ही तपासणी झाल्यावरही पुसू नये.