वेळापत्रक पाळणारी राक्षसी

जहाज फुटलंय, सोबती बुडालेत, आणि ओडिसियस अंजिराच्या झाडाला वटवाघळासारखा लटकलाय. उपमा माझी नव्हे, ‘ओडिसी’ हे ग्रीक महाकाव्य रचणाऱ्या होमरचीच; ओडिसियस हा त्याचा नायक. खाली करिब्डिस नावाच्या राक्षसीने समुद्राचा घोट घेतलाय, आणि त्या घोटाबरोबर त्याची डोलकाठीही गेली आहे. पण ओडिसियस हात सोडत नाही, कारण गिळलेलं ती परत ओकते हे त्याला ठाऊक आहे. पहाटे गेलेली लाकडं वर येतात ती संध्याकाळी. दिवसभर लोकांचे तंटे सोडवून बाजारातला न्यायाधीश जेवायला उठतो, त्या वेळेला.

आता मला सांगा, वेळेवर गिळणारी आणि वेळेवर ओकणारी ही कसली राक्षसी? कोकणातलं पोरही ओळखेल, ही तर भरती-ओहोटी!

ग्रीकांनाही तो संशय होताच. इटलीचं टोक आणि सिसिली यांच्यामधली मेसिनाची सामुद्रधुनी म्हणजेच करिब्डिस, असं थ्युसिडिडीस या इतिहासकाराने इ.स.पू. पाचव्या शतकात लिहून ठेवलं. पण गोची अशी, की भूमध्य समुद्राला भरती येते ती नावापुरती. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. मेसिनाला जेमतेम वीतभर. एवढ्याशा पाण्यात राक्षसी कुठून आली?

गंमत त्या जागेत आहे. सामुद्रधुनीच्या उत्तरेला तिऱ्हेनियन समुद्र, दक्षिणेला आयोनियन, आणि दोघांचं वेळापत्रक बरोबर उलटं. एकीकडे भरती असते तेव्हा दुसरीकडे ओहोटी. त्यामुळे पाण्याला चक्क उतार मिळतो, आणि दोन्ही समुद्रांना वाट एकच: सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम तीन किलोमीटरची. तिथून पाणी सेकंदाला दोन मीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने धावतं आणि साधारण सहा तासांनी उलटं फिरतं. त्यात भर म्हणजे तळाशी आडवा उंबरठा आहे, पाण्याखाली फक्त ऐंशी-एक मीटरवर, आणि दोन्ही बाजूंना तळ खोल जातो. आयोनियनचं पाणी जास्त खारट, म्हणून जड. जड आणि हलकं पाणी या उंबरठ्यावर एकमेकांना भिडलं की पृष्ठभागावर भोवरे उठतात. आजच्या जहाजांना त्यांचं काही वाटत नाही, पण वल्ह्यांवर चालणाऱ्या नावेचं काय होत असेल!

करिब्डिस दिवसातून तीनदा गिळते, असं होमर म्हणतो. हा आकडा चुकला आहे, असं पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने दोन हजार वर्षांपूर्वीच सांगितलं. त्याच्याही आधी इरॅटोस्थेनीसने (पृथ्वीचा घेर मोजणारा तोच) या प्रवाहाचे चोवीस तासांत दोन फेरे होतात हे सांगून त्यांची सांगड चंद्राच्या उगवण्या-मावळण्याशी घातली होती. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाहाला त्या काळी ‘उतरता’ म्हणत. इटालियन दर्यावर्दी आजही त्याला ‘शेन्देन्ते’ म्हणतात. अर्थ तोच.

करिब्डिसच्या समोरच्या कड्यावर होमरने दुसरी राक्षसी बसवली आहे, स्किला. ती मात्र एवढी सहज उलगडत नाही. बारा पाय, सहा लांब माना, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन रांगा, आणि आवाज कुत्र्याच्या पिल्लाचा. काही जण तिच्यात महाकाय स्क्विड, म्हणजे लांब बाहूंचा समुद्री प्राणी, शोधतात. मला ते पटत नाही. स्क्विड कड्यावरच्या गुहेत राहत नाही आणि केकाटतही नाही. पण भयानक तोंडं या किनाऱ्याला नवी नाहीत. खालचं पाणी उसळून वर येतं तेव्हा खोल समुद्रातले मासे वाळूवर फेकले जातात. त्यात वाइपरफिश असतो: अंगाने वीतभर, पण दात सुयांसारखे आणि इतके लांब की तोंड मिटलं तरी बाहेरच राहतात.

होमरची स्किला कड्यावरून वाकून डॉल्फिन आणि मोठे मासे टिपते. पॉलिबियसने याच कड्याजवळची तलवारमाशाची शिकार वर्णिली आहे. टेहळ्या खुणावतो, खाली प्रत्येक होडीत दोघं, एक वल्हवतो, दुसरा भाला घेऊन नाळेवर उभा. आज तिथे स्किला नावाचंच गाव आहे. तलवारमाशाच्या होड्या अजून निघतात, आणि टेहळ्या आता होडीवरच्याच वीस मीटरहून उंच डोलकाठीच्या टोकावर बसून खालचं पाणी न्याहाळत असतो.