दम आधी वाढतो, हाड मागून

पहाटे साडेपाचला दादरच्या शिवाजी पार्कवर सैन्यभरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत पार करणाऱ्याला धावण्याचे पूर्ण ६० गुण मिळतात. हा वेग ताशी सुमारे साडेसतरा किलोमीटर पडतो, आणि त्याच वेगाने रोज जीव तोडून धावले की तयारी होते, अशी त्यांतील अनेकांची समजूत असते.

साडेपाच मिनिटांच्या या धावेतील बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्यानेच तयार होते. त्यासाठी हृदयाने एका ठोक्यात अधिक रक्त ढकलावे लागते आणि स्नायूंतील तंतुकणिकांची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची, क्षमता वाढावी लागते. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले, की अनेक आठवडे धावण्याचा सराव दिलेल्या उंदरांच्या स्नायूंतील ही क्षमता जवळजवळ दुप्पट होते. हे बदल शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या संथ धावेनेही घडतात. म्हणून आठवड्यातील बहुतेक धावा संथ ठेवून एक-दोन दिवसच वेगाचा सराव करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

खरी अडचण हाडांची आहे. रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढते, त्यामुळे दम लवकर सुधारतो आणि मुलगा अंतर वाढवत नेतो. हाडाची चाल मात्र वेगळी असते. ताण पडलेल्या जागी काही पेशी आधी जुने हाड पोखरून काढतात, त्याला साधारण तीन आठवडे लागतात; ती पोकळी नव्या हाडाने भरून यायला मात्र सुमारे तीन महिने जातात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असते, आणि नेमके तेव्हाच धावणाऱ्याला आपण तयार झालो असे वाटू लागते. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांवरील वेदनामय सुजेचे वर्णन केले होते; क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळले, की ती तळपायाच्या लांब हाडांना गेलेली भेग होती. नडगीवर एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल अशी वेदना असेल, ती धावताना वाढत असेल आणि पुढे रात्रीही ठसठसत असेल, तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी भेग अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच मैदानात उतरणे धोक्याचे ठरते.

मुंबईत दमट हवेची भर पडते. घाम वाहतो, पण वाळत नाही, आणि शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळेच. उन्हाळ्यात सराव सुरू करणाऱ्याने शरीराला सवय होण्यासाठी दहा ते चौदा दिवस द्यावेत. धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतत राहावे आणि रुग्णवाहिका बोलवावी.

झीज भरून येण्याचे बरेचसे काम झोपेत होते. वाढीचे संप्रेरक गाढ झोपेतच सर्वाधिक स्रवते. स्नायूंतील साखरेचा साठा पुन्हा भरायला, पोटभर जेवण मिळाले तरी, सुमारे एक दिवस लागतो; वरणभात, अंडी, केळी हे साधे अन्न त्याला पुरते. उशिराची पाळी करून शेवटच्या लोकलने घरी परतलेल्या मुलाने चार तासांच्या झोपेवर पहाटे मैदान गाठू नये. त्या दिवशी त्याने झोप पूर्ण करावी आणि धाव संध्याकाळवर ढकलावी.