दिवाणखान्यातल्या संगणकाचा एसएमपीएस: तो का जातो आणि बदलताना कुठे अडतं

टीव्हीखालच्या कपाटात वर्षानुवर्षं सिनेमे आणि गाणी वाजवत बसलेला संगणक एके दिवशी बटण दाबूनही उठत नाही. पंखा अर्धा वळसा घेतो आणि थांबतो, कधी तेवढंही होत नाही. दुकानातला माणूस झाकण उघडून सांगतो, "एसएमपीएस गेलाय, बाकी सगळं ठीक आहे." एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला हव्या त्या व्होल्टेजमध्ये बदलून देणारा पत्र्याचा डबा. अडचण यापुढे सुरू होते. नेहमीचा एसएमपीएस आणावा तर तो त्या बुटक्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. मावलाच तर स्क्रूची भोकं जुळत नाहीत, आणि सगळं जुळवून आणलं तरी एखादं मशीन दोन मिनिटं चालून बंद पडतं. मग "जुनं झालंय, टाकून द्या" असा सल्ला मिळतो.

माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. मदरबोर्डला लागणारे व्होल्टेज आणि ते नेणाऱ्या वायरी १९९५ पासून फारशा बदललेल्या नाहीत. बदलत राहिला तो पत्र्याचा डबा, आणि कोणत्या व्होल्टेजवर किती भार घ्यायचा याची वाटणी. हा इतिहास माहीत असेल तर पंधरा-वीस वर्षांचं मशीनही पुन्हा उभं राहू शकतं.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. आधीचे वीजपुरवठे लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर चालत. ५० हर्ट्झच्या विजेसाठी ट्रान्सफॉर्मर जड आणि मोठाच लागतो, शिवाय पुढचा रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून घालवतो. स्विचिंगच्या पद्धतीत घरातली वीज आधी डीसी करतात, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. त्या वेगामुळे फेराइटचा मुठीत मावणारा ट्रान्सफॉर्मर पुरतो. उपग्रहांमध्ये ही पद्धत १९६० च्या दशकातच वापरात होती. जास्त व्होल्टेज सोसणारे वेगवान ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर १९७० च्या दशकात ती सर्वत्र पसरली. १९७७ च्या ॲपल टू संगणकासाठी रॉड होल्ट यांनी असाच पुरवठा बनवला, आणि त्यामुळे ते मशीन पंख्याशिवाय चालू शकलं. या क्रांतीचं सगळं श्रेय अनेकदा ॲपलला दिलं जातं, ते बरोबर नाही. नियंत्रणाच्या चिप आणि ट्रान्झिस्टर यांनी अख्खा उद्योगच त्या वाटेवर आणला होता. होल्ट यांचं काम उत्तम होतं, पण ते एकटे नव्हते.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत ६३.५ वॉटचा एसएमपीएस होता, १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये १३० वॉटचा आणि १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये १९२ वॉटचा. पुढे आपल्याकडे असेंबल केलेल्या संगणकांत जे 'एटी कॅबिनेट' आलं, त्यात पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची जाड केबल जायची. बटण बंद म्हणजे सगळंच बंद.

जुलै १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएससाठी एटीएक्स हे नवं मानक मांडलं आणि हे बदललं. दिवाणखान्यातल्या संगणकाचं पुढचं सगळं नशीब याच बदलात आहे, म्हणून इथे जरा थांबू. एटीएक्समध्ये बटण वीज तोडत नाही, मदरबोर्डला फक्त खूण करतं. मदरबोर्ड हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे काळ्या वायरीला जोडतो आणि मोठा पुरवठा जागा होतो. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की राखाडी वायरीवरून 'ठीक आहे' असा संकेत येतो, आणि मगच प्रोसेसर सुरू होतो. पण ही खूण ओळखायला मदरबोर्डचा एक कोपरा सतत जागा हवा. त्यासाठी एसएमपीएसच्या आत दुसरा छोटा पुरवठा असतो. तो जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट देतो, आणि भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत कधीही थांबत नाही.

ऑफिसातला संगणक संध्याकाळी बंद होतो, अनेक ठिकाणी मेन स्विचही बंद करतात. सिनेमे वाजवणाऱ्या संगणकाचं तसं नाही. रिमोटचं बटण दाबलं की त्याने उठायला हवं, आणि रिमोटचा डोळा चालतो याच जांभळ्या वायरीवर. रात्रीचा कार्यक्रम रेकॉर्ड करायला त्याने आपणहून जागं व्हायला हवं. म्हणजे पडदा काळा असतो तेव्हाही हा छोटा पुरवठा दिवसाचे २४ तास राबत असतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि २००० च्या सुरुवातीला स्वस्त एसएमपीएसमध्ये तो एका ट्रान्झिस्टरवर स्वतःच दोलन करणारा साधा सर्किट असे. त्यातला एक लहानसा कंडेन्सर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) सुकला की नियंत्रण सुटतं आणि ५ व्होल्ट वर चढत जातात. ते थेट मदरबोर्डवर पोचतात, कारण मधे तोडणारं काहीच नसतं. एसएमपीएस जाताना मदरबोर्डला घेऊन गेला अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच इथून सुरू होतात. जांभळ्या आणि काळ्या वायरीत मल्टीमीटर लावला तर ४.७५ ते ५.२५ च्या आत आकडा दिसायला हवा. त्याहून जास्त दिसला तर ते मशीन पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा.

दिवाणखान्यातल्या या संगणकांचा काळ साधारण २००१ ते २००९ असा धरता येईल. २००१ मध्ये व्हिया कंपनीने १७ सेंटिमीटर चौरस मापाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला, शटल कंपनीने ठोकळ्याच्या आकाराचे छोटे संगणक विकायला घेतले. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आली. त्याच वर्षी आयझॅक रिचर्ड्स यांनी लिनक्ससाठी मिथटीव्ही या टीव्ही पाहण्याच्या आणि रेकॉर्ड करण्याच्या प्रोग्रामवर काम सुरू केलं. पहिल्या एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठी लिहिलेला एक प्लेअरही तेव्हाचाच. तो पुढे एक्सबीएमसी झाला आणि २०१४ पासून कोडी नावाने ओळखला जातो. संगणक टेबलावरून उठून सोफ्यासमोर आला, आणि तिथे त्याच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा होती: दिसायला ॲम्प्लिफायरसारखा बुटका असावा, आणि आवाज करू नये.

बुटकेपणासाठी डबा लहान झाला. मूळ एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो. इंटेलने १९९७ मध्ये एसएफएक्स आणला, नेहमीच्या रूपात १२५ रुंद, ६३.५ उंच आणि १०० खोल. पुढे २००२ मध्ये टीएफएक्स आला, ८५ रुंद, ६५ उंच आणि १७५ लांब. चपट्या सर्व्हरमधल्या पुरवठ्याच्या वळणाचा फ्लेक्स-एटीएक्स जेमतेम ४०.५ मिलिमीटर उंच. ही मापं लिहिलेली आहेत, त्यांचे एसएमपीएस आजही मिळतात. खरी डोकेदुखी होते ती या कुठल्याच मापात न बसणाऱ्या डब्यांची. काही मोठ्या ब्रँडच्या चपट्या मशीनमध्ये एल आकाराचे, तिरप्या स्क्रूचे किंवा पंखा भलत्याच बाजूला असलेले पुरवठे बसवले गेले. डेलने तर १९९० च्या दशकाच्या शेवटी काही वर्षं प्लग एटीएक्ससारखाच ठेवून आतल्या वायरींचा क्रम बदलला होता. त्यात बाजारातला एसएमपीएस लावला तर तो बसायचा अगदी चपखल, आणि बोर्ड जळायचा. त्या काळातलं मशीन हाती असेल तर रंग पडताळल्याशिवाय प्लग लावू नये.

शांततेसाठी पंखे हळू फिरवले गेले. त्याचा हिशोब कंडेन्सर चुकता करतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. १०५ अंशांना २,००० तास असं लिहिलेला कंडेन्सर ५५ अंशांवर सुमारे ६४,००० तास टिकावा, म्हणजे अखंड चालला तर सात वर्षांहून थोडा जास्त. तोच ६५ अंशांवर ३२,००० तास, म्हणजे पावणेचार वर्षांच्याही आत. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे, मागून बंद असलेल्या टीव्हीच्या कपाटात, हळू फिरणाऱ्या पंख्याखाली हे दहा अंश केव्हाच ओलांडले जातात.

त्यातच साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष कंडेन्सरांची साथ आली. तैवानमधल्या काही उत्पादकांच्या मालात पाण्यावर आधारलेला इलेक्ट्रोलाइट (कंडेन्सरमधला द्रव) नीट स्थिर केलेला नव्हता. आत वायू साठायचा, माथ्यावरची फुलीची खाच फुगायची, शेवटी फुटून तपकिरी थर बाहेर यायचा. चोरलेल्या अर्धवट फॉर्म्युल्याची गोष्ट तेव्हा फार गाजली, पण ती सिद्ध झाली नाही. नुकसान मात्र खरं होतं: ॲपलला आयमॅक जी-५ साठी वॉरंटीबाहेर दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि डेलने २००५ मध्ये या दुरुस्त्यांपोटी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. घरातल्या सिनेमाच्या संगणकांचा भराचा काळ नेमका हाच होता.

आपल्याकडे त्यात आणखी भर पडली. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात लोडशेडिंगची होती. कित्येक गावांत दिवसातले अनेक तास लाइट नसे. लाइट येते तेव्हा सगळ्या घरांचा भार एकदम चढतो आणि व्होल्टेज वर-खाली होतं. हे झटके पहिल्यांदा झेलतो तो तोच न झोपणारा छोटा पुरवठा. चांगल्या एसएमपीएसमध्ये वीज आत येते तिथे फिल्टरची कॉइल, कंडेन्सर आणि झटका शोषणारा व्हेरिस्टर असतो. कॅबिनेटसोबत 'फुकट' येणाऱ्या कित्येक डब्यांत सर्किटबोर्डवर या भागांच्या जागा छापलेल्या असायच्या, पण तिथे भाग नसायचे. कॉइलच्या ठिकाणी नुसत्या दोन तारा आडव्या टाकलेल्या. बाहेर स्टिकरवर मात्र ४५० वॉट. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे डबे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे मला मनापासून कौतुक वाटते. फ्यूज, १३००७ किंवा १३००९ नंबरचे ट्रान्झिस्टर आणि फुगलेले कंडेन्सर बदलून त्यांनी कित्येक मशीन जिवंत ठेवली. विचित्र आकाराच्या डब्यासाठी आजही हाच उपाय सगळ्यांत शहाणा: डबा जुना ठेवायचा, आतले कंडेन्सर चांगल्या कंपनीचे घालायचे. घरी मात्र हा प्रयोग नको. २३० व्होल्टचे डीसी झाले की ३२५ व्होल्ट होतात, आणि ते मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात.

नवा एसएमपीएस घ्यायचा तर २००० साली झालेला बदल लक्षात ठेवावा लागतो. पेंटियम ४ बरोबर प्रोसेसरची वीज १२ व्होल्टवरून घेण्याची पद्धत रूढ झाली. चार पिनांचा चौकोनी प्लग त्याचाच. त्याआधीच्या, आणि त्यानंतरच्याही एएमडीच्या ॲथलॉन एक्सपी प्रोसेसरच्या काही बोर्डांवर हा प्लग नसतो, तिथे प्रोसेसर ५ व्होल्टवर जगतो. आजच्या एसएमपीएसची जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टकडे असते, ५ आणि ३.३ व्होल्ट मिळून पुष्कळदा १०० ते १२० वॉटच. म्हणून ५०० वॉटचा नवा डबा लावूनही जुनं मशीन दोन मिनिटांत कोसळू शकतं. विकत घेताना वॉटचा मोठा आकडा सोडून स्टिकरवर ५ व्होल्टखालचे अँपिअर वाचावेत आणि ते जुन्या डब्याइतके तरी आहेत का ते पाहावं. बोर्डवर चौकोनी चार पिना असतील तर ही काळजी बरीच कमी होते. २४ पिनांचा प्लग २० पिनांच्या बोर्डला चालतो, त्याचा चार पिनांचा तुकडा सुटा होतो. उणे ५ व्होल्टची पांढरी वायर नव्या पुरवठ्यात नसते, पण ती फक्त अतिजुन्या आयएसए कार्डांनाच लागायची.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: अर्थिंग. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कंडेन्सर फेज आणि न्यूट्रलला पत्र्याशी जोडतात. सॉकेटला अर्थ नसेल तर पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण ॲम्प्लिफायर, टीव्ही आणि केबलची तार एकमेकांना जोडताना हाताला झिणझिण्या येतात, आणि एचडीएमआयचं पोर्ट जाण्याची शक्यता असते. नवा डबा बसवण्याच्या दिवशीच तिसरी पिन खरंच जमिनीपर्यंत जाते का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं.

नंतरच्या लहान संगणकांनी हा डबा कॅबिनेटच्या बाहेरच काढला: लॅपटॉपसारखा ॲडॅप्टर बाहेर, आत पट्टीएवढा डीसी बदलणारा बोर्ड. कमी वीज खाणाऱ्या मिनी-आयटीएक्स मशीनचा विचित्र आकाराचा एसएमपीएस गेला असेल तर हीच जोडी त्यातही बसते, पंख्याचा आवाज जातो आणि उष्णता कपाटाबाहेर राहते. इंटेलने २०१९ मध्ये फक्त १२ व्होल्ट देणाऱ्या, दहा पिनांच्या प्लगचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. तो जुन्या बोर्डला चालत नाही. पण २४ पिनांचे एसएमपीएस अजून सर्वत्र बनतात आणि दुकानात मिळतात, त्यामुळे आज बंद पडलेल्या मशीनसाठी पर्याय संपलेले नाहीत.