अहिराणी गाण्याचा कॉपीराइट: अर्जाआधी हे पाहा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे लग्नसराई आली की यूट्यूबवर नवी अहिराणी गाणी येऊ लागतात. गाणं चाललं की भांडण ठरलेलं. शब्द लिहिणारा म्हणतो माझं, चाल लावणारा म्हणतो माझं, आणि पैसे घालणारा तर कोणाला विचारतच नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. शब्द ही साहित्यकृती. चाल ही संगीतकृती, तिच्यात शब्द धरत नाहीत. रेकॉर्डिंग म्हणजे ध्वनिमुद्रण, त्याचा हक्क पहिल्यांदा सहसा निर्मात्याचा. व्हिडिओ केला तर तो चित्रपटाच्या वर्गात जातो. गायकाचा कलावंत म्हणून हक्क वेगळाच, तो ५० वर्षांचा.

म्हणून ‘गाण्याचा कॉपीराइट काढायचा’ असं मोघम ठरवून अर्जाला बसू नका. आपल्या हातात यातलं नेमकं काय आहे, ते आधी ठरवा.

नाटक आणि कलाकृती हे आणखी दोन वर्ग. कलाकृतीत चित्र, फोटो, नकाशा येतात. कॉम्प्युटर प्रोग्राम मात्र साहित्यात मोडतो, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. नुसती कल्पना, गाण्याचं नाव किंवा भरीत करायची रीत यांना संरक्षण नाही. भरताच्या पुस्तकातला तुमचा मजकूर मात्र तुमचा. खानदेशातल्या कानबाई देवीची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गाणी कोणा एकाच्या नावावर होत नाहीत. त्यांचं तुम्ही केलेलं नवं रेकॉर्डिंग तेवढं तुमचं.

शब्द आणि चाल यांच्या कॉपीराइटची मुदत कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं. कवयित्री बहिणाबाई चौधरी १९५१मध्ये गेल्या, त्यांची गाणी १९५२मध्ये छापून आली. मरणोत्तर प्रकाशनाला ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे २०१२च्या अखेरीस ती मुदत संपली. त्या कवितांना आज कोणीही चाल लावू शकतं. पण दुसऱ्याने लावलेली चाल उचलता येत नाही.

नोंदणी सक्तीची नाही. कृती तयार झाली की हक्क आपोआप येतो. नोंदणीचा उपयोग कोर्टात पुरावा म्हणून. तरी पैशाचा व्यवहार असेल तर ती करावीच. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या वेबसाइटवर, फॉर्म १४मध्ये, प्रत्येक कृतीसाठी वेगळा. फी साहित्य, नाट्य, संगीत, कला यांना ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रपटाला ५,०००. मालाच्या वेष्टनावर वगैरे वापरायचं चित्र असेल तर २,००० रुपये आणि ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध दाखला, म्हणजे तसाच ट्रेडमार्क आधी कोणाचा नाही असा. सोबत कृतीची प्रत जोडायची, आणि वकिलामार्फत अर्ज असेल तर वकालतनामा. डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, मग तपासणी होते.

अर्जदार स्वतः लेखक नसेल तर लेखकाची ना हरकत लागते, कृती दुसऱ्या प्रकाशकाने काढलेली असेल तर त्याचीही. आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच, कारण ‘गाणं दिलं’ हा व्यवहार चहाच्या टपरीवर तोंडी झालेला असतो. कायद्याला हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. कागद करताना या दोन ओळी आणि मानधनाचा आकडा घालून घ्या.